वगारीच्या शेणात पडलेले लांब पांढरे जंत: आतून कसे असतात आणि औषध नेमकं कुठं लागते

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही पाहिला. आधी प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं बोलणं समजायला सोपं जाईल. काटोलकडे तुमच्या गोठ्यात सव्वा महिन्याची वगार आहे, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, शेण पातळ आणि मातकट, तोंडाजवळ गेलं की आंबूस वास येते, आणि काल शेणासोबत वीतभर लांब पांढरे जंत पडले, त्यातले काही वळवळ करून राहिले होते. तुम्ही विचारलं की हे आतमध्ये असतात तरी कसे, पोटात इतकं सगळं पचते तं हे काहून पचत नाहीत, म्हशीला व्यायच्या आधी औषध पाजलं होतं तरी वगारीला कुठून आले, आणि मेडिकलवाल्यानं पायपरेझिन आणि पायरँटेल अशा दोन बाटल्या दिल्या आहेत, दोन्ही एकत्र पाजू का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते घाईचं आहे: नाही, एकत्र पाजू नका. दोनपैकी एकच द्या, वगारीच्या वजनावर. दोन औषधं म्हणजे दुप्पट ताकद असा हिशेब इथं चालत नाही, ही दोघं एकमेकांचा असर मारतात. काहून मारतात ते कळायला जंताचं अंग आतून कसं बांधलेलं असते ते पाहावं लागते. ते एकदा समजलं की तुमचे बाकीचे प्रश्नही त्यातच सुटतात, म्हणून जरा लांबणीवर जातो, चहा घेऊन बसा.

तुमच्या वगारीचा जंत म्हणजे टॉक्सोकारा विट्युलोरम, म्हशीच्या पिल्लांचा खास गोल जंत. लहान पोरांच्या पोटात होतो तो अस्कॅरिस, हा त्याचा चुलतभाऊ. मादी 30 सेंटीमीटरपर्यंत जाते, नर थोडा लहान. पडलेल्यातला एक हातमोजा घालून उचला आणि उजेडात धरा. अंग दोन्हीकडं निमुळतं, मधे कुठंच वळ्या नाहीत, गांडुळाला असतात तशा अंगठ्या नाहीत, एकदम गुळगुळीत आणि थोडं काचेसारखं आरपार. दोन्ही बाजूंनी लांबीला एक-एक फिकट रेघ दिसेल. आतून पांढऱ्या धाग्यांची गुंतवळ दिसली तर ती मादी, ते धागे म्हणजे तिचं अंडाशय आणि गर्भाशय. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं असेल तर नर. तोंडाशी भिंग लावलं तर तीन ओठ दिसतात, एक वरचा आणि दोन खालचे. दात नाहीत, आकडे नाहीत, चोखायची वाटी नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

आता मुख्य गोष्ट. गोल जंत म्हणजे नळीत नळी. बाहेरची नळी कातडं आणि स्नायूंची, आतली नळी आतड्याची, आणि दोघींच्या मधल्या पोकळीत पाणी भरलेलं. पण हे पाणी नुसतं भरलेलं नसते, दाबून भरलेलं असते. हवा टाइट भरलेली सायकलची ट्यूब हाताला कशी लागते तसा ताजा जंत बोटाला लागते. 1957 साली हॅरिस आणि क्रॉफ्टन या दोघा शास्त्रज्ञांनी अस्कॅरिसच्या अंगातला दाब मोजला, तो सरासरी 70 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास भरला आणि हालचाल करताना 200 च्या वर गेला. आपलं बीपी 120/80 असते, त्यात खालचा आकडा पाहा आणि मग विचार करा, हृदय नसलेला हा प्राणी नुसत्या कातडीच्या जोरावर तेवढा दाब अंगात धरून बसते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पोट्टे पहिल्यांदा जंत कापतात तेव्हा कात्री लागताच पिचकारी उडते आणि समोरच्याचा ॲप्रन भिजते, ते याच्यामुळंच. (ते पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. काही लोकांना त्याची ॲलर्जी होते, डोळे सुजतात, शिंका सुरू होतात. कुतूहलापोटी ब्लेडनं कापायचा विचार असेल तर हातमोजे आणि चष्मा घाला, नाहीतर कापूच नका.)

हा दाब टिकतो तो कातडीमुळं. तिला क्युटिकल म्हणतात. ती जिवंत कातडी नाही, खालच्या पेशींनी बाहेर सोडलेला थरांचा पापुद्रा आहे, बहुतेक कोलॅजनचा, म्हणजे आपल्या शिरा-कंडऱ्यांत असते त्याच जातीचं प्रथिन. मोठ्या जंतात या पापुद्र्यात तिरप्या तंतूंचे थर असतात, एकमेकांना छेद देऊन, त्यामुळं नळी लांबीला थोडी आखूड-लांब होऊ शकते पण फुगून फुटत नाही. मोठं होताना जंताला कात टाकावी लागते, जन्मभरात चार वेळा. किडे-खेकडेही कात टाकतात आणि शास्त्रज्ञ आता गोल जंतांना त्यांच्याच गोतावळ्यात बसवतात, गांडुळाच्या नाही. तुमच्या-आमच्या डोळ्याला गांडूळच जवळचं वाटते, पण ते नुसतं दिसण्यापुरतं.

कातडीच्या आत स्नायू. आणि इथं खरी गंमत आहे. गांडुळाला दोन तऱ्हेचे स्नायू असतात, उभे आणि आडवे गोल, म्हणून ते जाड-बारीक होत सरकते. गोल जंताला फक्त उभे. आडवे नाहीतच. मग एका बाजूचे स्नायू आखडले की दुसऱ्या बाजूला परत ताणणार कोण? तो दाब. आतलं पाणी आणि बाहेरचं कातडं मिळून अंगाला परत सरळ करतात. हाड नाही, पण दाबच हाडाचं काम करते. त्यामुळं त्याला एकच चाल जमते: पोटाकडची बाजू आखड, मग पाठीकडची आखड, अशी नागमोडी वळवळ. घासायला काही असलं तरच ही वळवळ कामाची. आतड्याच्या दोन भिंतींमध्ये तो टेकून टेकून पुढं जाते, आणि शेणातून बाहेर फरशीवर पडला की जागच्या जागी वळवळते, कुठंच जात नाही. तुम्ही पाहिलंच असेल.

आणखी एक उलटी गोष्ट. आपल्या अंगात नर्व्ह स्नायूपर्यंत जाते. जंताचे स्नायू नर्व्हकडं हात पसरतात. प्रत्येक स्नायू-पेशीला एक लांब दांडा फुटलेला असते आणि तो दांडा जाऊन पाठीच्या किंवा पोटाच्या मुख्य नर्व्हला भिडते. प्रॅक्टिकलच्या स्लाइडवर आडवा काप पाहिला तं पोकळी निम्मी या स्नायूंच्या फुगीर पोटांनीच भरलेली दिसते, त्यांच्यात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ठासून भरलेलं, आणि त्यांचे दांडे वर-खाली दोन ठिकाणी गोळा झालेले. औषध लागते ते याच भिडण्याच्या जागी. त्यावर येतोच.

आधी तो पचत का नाही ते. तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकत्र चालतात. कातडी चिवट आहे हे एक. दुसरं, अस्कॅरिसच्या जातीचे जंत पाचक रसांना अडवणारी प्रथिनं बनवतात, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या आपल्या मांस पचवणाऱ्या रसांनाच ती कुलूप लावतात. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो जिवंत आहे आणि सतत उलट पोहते. वर सांगितलं ना, आकडे नाहीत, वाटी नाही. भिंतीला तो चिकटलेला नसते. आतडं दिवसरात्र सगळं मागं ढकलत असते आणि हा तेवढ्याच जोरानं पुढं सरकत जागेवर राहते. म्हणजे त्याला बाहेर काढायला मारायची गरज नाही, काही तास हलू दिलं नाही तरी पुरते, बाकीचं काम आतडंच करते.

खाणंही दाबाशी जुळवूनच. आत एवढा दाब म्हटल्यावर तोंड उघडलं की अन्न आत जाण्याऐवजी बाहेर फेकलं जाईल. म्हणून तोंडामागं स्नायूंचा जाड घसा असते, तो पंप आहे. त्याच्या आतली फट तीन कोपऱ्यांची, मसल आखडले की फट उघडते आणि वगारीच्या आतड्यातला पातळ रस आत ओढला जाते, ढिले पडले की दाबानं फट मिटते आणि घोट पुढं. पुढचं आतडं म्हणजे पेशींचा एकच थर, त्याला स्वतःचा स्नायू नाही, चपटी पिशवी, पंपाच्या जोरानंच पुढं चालते. गुदद्वार दाबानं आपोआप बंद असते, हगायचं असलं की एक छोटा स्नायू ते ओढून उघडते आणि दाब सगळं एका झटक्यात बाहेर टाकते. तुमची वगार दूध पिते त्यातला वाटा हा आयता घेते. रक्त पीत नाही, हे ध्यानात ठेवा, बकऱ्यांच्या जंताशी फरक इथंच पडते.

हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, फुफ्फुस-कल्ले काही नाही. अंगातलं पाणीच वळवळीबरोबर इकडून तिकडं हलते आणि सगळ्यांना माल पोचवते. आतड्यात ऑक्सिजन कमीच, तरी भागते, कारण मोठा जंत साखर पूर्ण जाळतच नाही, अर्धवट आंबवते आणि उरलेली आम्लं बाहेर सोडते. त्या आम्लांना वास असते, आणि पोटात खूप जंत असलेल्या पिल्लाच्या तोंडाचा जो आंबूस वास तुम्ही म्हणता तो जुन्या पशुपालकांनाही ओळखीचा आहे, काही जण तर वासावरूनच सांगतात. अस्कॅरिसच्या पाण्यात एक हिमोग्लोबिन असते, आपल्यापेक्षा हजारो पटीनं घट्ट ऑक्सिजन धरून ठेवणारं, इतकं घट्ट की ते सोडणार कधी हाच प्रश्न.

मेंदू म्हणाल तर घशाभोवती नर्व्हची एक कडी, तिच्यापासून शेपटीपर्यंत काही दोर, पाठीला एक मोठा आणि पोटाला एक मोठा. मातीत राहणारा सी. एलिगन्स नावाचा मिलीमीटरभर लांबीचा एक गोल जंत आहे, त्याच्या अंगातल्या पेशी शास्त्रज्ञांनी एकेक करून मोजल्या: 959 पेशी, त्यातल्या 302 नर्व्हच्या. सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चं नोबेल याच जंतावरच्या कामासाठी मिळालं, आणि बहुपेशीय प्राण्यांत सगळ्यात आधी, 1998 साली, पूर्ण जीनोम वाचला गेला तोही त्याचाच. आता ऐका, फूटभर लांब अस्कॅरिसमध्येही नर्व्हच्या पेशी तीनशेच्याच आसपास. मोठा व्हायला तो नर्व्हच्या पेशींची संख्या फारशी वाढवत नाही, आहे तीच पेशी फुगवते. वीतभर लांब एकेक नर्व्ह-पेशी!

आता औषध. स्नायूचा दांडा नर्व्हला जिथं भिडतो तिथं दोन निरोप येतात. एक निरोप "आखड" म्हणतो, तो ॲसिटिलकोलीनचा. दुसरा "ढिला पड" म्हणतो, तो गाबाचा. पायपरेझिन गाबाची नक्कल करते, सगळे स्नायू ढिले, जंत सुतासारखा लोळागोळा होऊन शेणाबरोबर वाहून जाते, बऱ्याच वेळा जिवंतच. पायरँटेल आणि लेव्हामिसोल ॲसिटिलकोलीनची नक्कल करतात, सगळे स्नायू एकदम आखडतात, जंत ताठ होते, नागमोडी जमतच नाही, आणि तो वाहून जाते. म्हणून दोन्ही एकत्र दिलं की एक म्हणते आखड आणि एक म्हणते ढिला पड, दोघांची कुस्ती आणि जंत मजेत. मेडिकलवाल्याचा दोष फार नाही, त्याच्याकडं दोन्ही खपतात, पण डोस त्याला विचारून देऊ नका. पोट फार फुगलेलं असलं, जंत खूप असण्याची शंका असली, तर मी स्वतः ढिलं करणाऱ्या औषधाकडं झुकतो, कारण ताठ झालेल्या जंतांचा गुंता बारीक आतड्यात अडकायची भीती राहते. पण वगार पाहिल्याशिवाय हे नक्की सांगता येत नाही, गावातल्या पशुवैद्यकाला हात लावू द्या.

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही वेगळी मंडळी. ती नर्व्हला हात लावत नाहीत, पेशीच्या आत माल वाहायच्या ज्या बारीक नळ्या असतात त्यांचं ट्युब्युलिन नावाचं प्रथिन पकडतात. जंताच्या आतड्याच्या पेशी साखर घेणं बंद करतात, साठवलेलं ग्लायकोजेन संपते, आणि तो उपाशी मरते. म्हणून असर दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि लोक म्हणतात औषध फेल गेलं. गाभण जनावराला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल पाजू नका, गर्भाला धोका आहे, हे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. आयव्हरमेक्टिन घसा आणि अंगाचे स्नायू दोन्ही लुळे करते, घशाचा पंपच बंद. मूळ औषध जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालं, 2015 चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्यासाठी मिळालं.

तर मग म्हशीला औषध पाजलं होतं तरी वगारीला कुठून आले? दुधातून. हा या जंताचा डाव आहे आणि तो भल्याभल्यांना माहीत नसते. म्हैस चरताना किंवा गोठ्यातच घाण तोंडात जाऊन अंडी गिळते. अंड्यातून निघालेली बारीक अळी मोठ्या जनावराच्या आतड्यात राहत नाही, भिंत फोडून लिव्हर, फुफ्फुस, मांस असं फिरते आणि तिथंच झोपून राहते, न वाढता, महिनोनमहिने. म्हैस व्यायला आली की अळ्या जाग्या होतात, कासेकडं निघतात आणि चिकातून, मग दुधातून पिल्लाच्या पोटात जातात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त. पिल्लाच्या आतड्यात मात्र त्यांना फिरायची गरज पडत नाही, सरळ वाढतात आणि तीन-चार आठवड्यांत अंडी टाकायला तयार. तुम्ही म्हशीला पाजलेलं औषध तिच्या आतड्यातल्या जंतांना लागलं असेल, मांसात झोपलेल्या अळीपर्यंत नेहमीचे डोस फारसे पोचत नाहीत. म्हणून म्हशीला किती पाजलं तरी पिल्लू सुटत नाही. आणि हो, यावर उपाय म्हणून चीक बंद करायचा नाही! चीक नाही मिळाला तं पिल्लू जंतानं नाही, पण हगवणीनं आणि निमोनियानं जाईल.

पोरांच्या अस्कॅरिसची गोष्ट उलटी. त्यात अंडं गिळलं की अळी आतडं फोडून लिव्हरमध्ये, तिथून हृदयातून फुफ्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात आणि गिळली की परत आतड्यात, एवढी यात्रा करून मोठी होते. अंडं गिळल्यापासून नवीन अंडी पडेपर्यंत दोन-तीन महिने. जिथून निघाली तिथंच परत यायला एवढा फेरा काहून, हे कोडं शास्त्रज्ञांत अजून चघळलं जाते.

अंड्यांबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण तुमचं पुढच्या वर्षीचं सगळं त्यावर आहे. अस्कॅरिसची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी टाकते, अंगातला बराच भाग म्हणजे गर्भाशयाच्या दोन लांब नळ्याच. टॉक्सोकाराही त्याच घराण्याची, कमी समजू नका. (नराच्या वीर्यपेशीला शेपटी नसते, ती पोहत नाही, अमिबासारखी रांगत जाते. गोल जंतांच्या अख्ख्या खानदानात शेपटीवाला शुक्राणू नाही.) अंड्याचं कवच थरांचं: बाहेर खडबडीत प्रथिन, मधे कायटिनचा कडक थर, आणि सगळ्यात आत मेणासारखा स्निग्ध थर. हा आतला थरच खरा पहारेकरी. लॅबमध्ये अस्कॅरिसची अंडी पातळ फॉर्मेलिनमध्ये (मेलेले प्राणी बाटलीत टिकवायचं विषारी औषध) ठेवतात आणि त्यात अळी मस्त वाढते. फॉर्मेलिनमध्ये! आता तुम्ही गोठ्यात दर रविवारी फिनाइल मारता, त्यानं वास जातो, माशा कमी होतात, अंड्याला काही होत नाही.

मग मरतात कशानं? उष्णता आणि कोरडेपणा. उकळतं पाणी, आणि आपल्या नागपूरचं ऊन. मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला की उघड्या जमिनीवरची अंडी टिकत नाहीत. पण गोठ्याच्या सावलीतला ओला कोपरा, पिल्लू बांधायची जागा, शेणखड्ड्याचा कडेचा ओलसर भाग, तिथं ती वर्ष-वर्ष राहतात. ताजं पडलेलं अंडं लगेच धोक्याचं नसते, आत अळी तयार व्हायला उबेत साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून रोजचं शेण रोज उचललं तर चक्र तिथंच तुटते. खड्ड्यात शेण नीट रचून वरखाली केलं की आत 50-60 डिग्री तापते, त्यात अंडी मरतात. नुसतं पसरून ठेवलेलं शेण तापत नाही. पिल्लाची जागा पावसाळ्यापूर्वी वरची चार बोटं माती काढून उन्हात टाका आणि मुरूम भरा, फिनाइलच्या पैशात होऊन जाईल.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही बकऱ्यांचं विचारलं होतं, की त्यांना जंत पडताना कधी दिसत नाहीत पण एक बकरी अशक्त आहे आणि जबड्याखाली सूज आली. तो वेगळा जंत, हिमोंकस, चौथ्या पोटात राहते. लांबी दोन-तीन सेंटीमीटर म्हणून शेणात दिसत नाही. अंगाची बांधणी तीच, नळीत नळी, पण तोंडात एक बारीक सुरी आहे आणि तो रक्त पिते. ताजी मादी पाहिली तर रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळ घातलेलं पांढरं अंडाशय, लाल-पांढरे पट्टे स्पष्ट दिसतात. एक जंत दिवसाला 0.05 मिलीच्या आसपास रक्त काढते, ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत म्हणजे रोज 50 मिली, आणि पावसाळ्यात हजार होणं काही मोठी गोष्ट नाही. रक्तातलं प्रथिन संपते म्हणून जबड्याखाली पाणी उतरते. तिची खालची पापणी उलटी करून पाहा, लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरीफटक असेल तर आजच डॉक्टरला बोलवा, उद्या नको. या जंताचं अंडं कवचाचं मजबूत नसते, शेणातच फुटते, अळी तिथले जिवाणू खाऊन वाढते आणि तिसऱ्या टप्प्यात दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढते. त्या टप्प्यात ती जुनी कात अंगावरच ठेवते, तोंड बंद, काही खात नाही, साठ्यावर जगते. सकाळी दव असताना बकऱ्या सोडू नका असं जुने लोक म्हणतात ते यासाठी एकदम बरोबर आहे. आणि दर महिन्याला कळपातल्या सगळ्या बकऱ्यांना तेच एक औषध पाजायची सवय सोडा. हिमोंकसच्या ट्युब्युलिनमध्ये एका ठिकाणी बारीकसा बदल झाला की अल्बेंडाझोलला धरायला जागाच राहत नाही, आणि असे जंतच मग मागं उरतात. जिची पापणी पांढरी तिलाच द्या.

काटोलचे म्हणजे तुमच्याकडं संत्रा असणारच. संत्र्याच्या मुळालाही गोल जंत लागतो, टायलेंक्युलस नावाचा, तोंडाकडचं अर्धं अंग मुळात खुपसून आणि मागचं बाहेर ठेवून बसते. तोंडात पोकळ सुई. जंबेरी आणि रंगपूर लिंबू या आपल्या दोन्ही खुंटांना तो लागते, झाड हळूहळू खंगते. त्याचं वेगळं लिहावं लागेल, नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत माती आणि मुळं दाखवा, औषध आधी आणि तपासणी नंतर असं करू नका.

घरच्या पोरांना वगारीपासून जंत होतील का असं वहिनींनी विचारलं म्हणता. म्हशीचा हा जंत माणसात घर करत नाही. पोरांचा अस्कॅरिस माणसाच्याच विष्ठेतून येतो, माती लागलेल्या हातांतून आणि न धुतलेल्या भाज्यांतून. शाळेत-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्याला अर्धी, ती चुकवू नका. गोठ्यात कुत्रीनं पिल्लं दिली असली तर त्यांच्याकडं जास्त लक्ष द्या. कुत्र्याच्या टॉक्सोकाराची अळी पोरांच्या अंगात भटकते आणि कधी डोळ्यापर्यंत जाते. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून डोस सुरू करा.

आता वगारीचं. आज एकच औषध, वजन करून, काटा नसेल तर छातीचा घेर मोजून डॉक्टरला फोनवर सांगा. दूध बंद करू नका, थोडं-थोडं पण जास्त वेळा पाजा. हगवण आहे म्हणून मीठ-साखरेचं पाणी मधे मधे. पुढचे दोन दिवस जंत पडतील, गुंताच्या गुंता पडला तरी घाबरू नका, गोळा करून पुरा किंवा जाळा, उकिरड्यावर फेकू नका, मेलेल्या मादीतलीही अंडी पिकतात. पोट दगडासारखं लागलं, शेणच बंद झालं, किंवा वगार पोटाकडं पाहून पाय झाडायला लागली तर तो आतडं अडल्याचा इशारा, थेट दवाखाना. दोन आठवड्यांनी शेणाचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन तपासून घ्या, अंडी दिसली तर डोस परत. आणि तुमची दुसरी म्हैस पुढच्या महिन्यात व्यायची आहे म्हणता, तिच्या पिल्लाला जंत दिसायची वाट पाहू नका, जन्मापासून दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या मधे पहिला डोस देऊन टाका. तोवर दुधातून येणारे बहुतेक येऊन गेलेले असतात आणि अंडी टाकण्याइतके मोठे झालेले नसतात.